मदत हवी आहे: बोट गॅरेजात मावत नाही, १६ इंच कमी पडतात

तळ्याकाठी:
१८ फुटी अॅल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट घरच्या गॅरेजात ठेवायची आहे. गॅरेज आतून २२ फूट खोल. ट्रेलरच्या कपलरपासून (पिकअपला अडकवायचं पुढचं टोक) मोटरच्या टोकापर्यंत २३ फूट ४ इंच. दार लागत नाही. ड्राइव्हवेवर ठेवू देत नाहीत, एचओएचं (वसाहतीच्या घरमालक संघाचं) दुसरं पत्र आलंय आणि मुदत महिनाअखेरची आहे. त्यात मिनेसोटाची थंडी तोंडावर. शिवाय रिव्हर्समध्ये आत घेताना ट्रेलर मध्येच अडून बसतो, पिकअप रेटावी लागते. स्टोरेज भाड्याने घ्या असं कृपया सांगू नका. लवकर सांगा.

पान्हा१२:
अर्धी माहिती दिलीच नाहीत. दाराची रुंदी-उंची किती? मोजताना मोटर वर उचललेली होती की खाली? टंग (ट्रेलरचा पुढचा दांडा) अखंड आहे की घडीची? ट्रेलरला ब्रेक आहेत का? ड्राइव्हवेला चढ किती?

कोनमापक:
दार १६ फुटी असेल तर एक पैसा खर्च न करता तिरकी लावा. २८० इंच लांबी २५ अंशांत लावली की खोलीच्या दिशेने साधारण २५७ इंच लागतात. तुमच्याकडे २६४ आहेत.

उत्तररेषा:
तिरकं लावून जागा वाचत नाही, वाढते. कपाट तिरकं करून बघा, कोपरे बाहेर येतात.

कोनमापक:
कपाट चौकोनी असतं. इथे पुढे टंग टोकदार आहे आणि मागे मोटर मधोमध, ट्रान्समच्या (बोटीची मागची सपाट भिंत) दोन-एक फूट मागे. ट्रान्समचा कोपरा मोटरच्या टोकापेक्षा मागे गेला तरच तुमचं म्हणणं लागू होईल, आणि २५ अंशांपर्यंत तो जात नाही. रुंदी मात्र साधारण १२ फूट जाते.

तळ्याकाठी:
दार १६ बाय ७. पण दुसरी गाडीही आत लागते, हे उघड आहे ना! तिरकी चालणार नाही. मोटर ११५ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (बोटीच्या बाहेर मागे लावलेली), मोजताना वर उचलून आधाराच्या दांड्यावर होती. टंग अखंड. सर्ज ब्रेक आहेत, डिस्कचे. चढ २० फुटांत १ फूट.

हिमगिरी:
थंडीचं आधी बघा. इंजिन ब्लॉकमधलं पाणी काढा, मॅनिफोल्डचे बूच उघडा आणि गुलाबी अँटीफ्रीझ भरा. ब्लॉक तडकला तर नवं इंजिन घ्यावं लागेल.

पान्हा१२:
हिमगिरी, ते स्टर्नड्राइव्हचं झालं, म्हणजे इंजिन बोटीच्या आत असतं त्याचं. आउटबोर्ड सरळ उभी ठेवली की पाणी आपोआप निथळतं. आणि यातच उत्तर आहे. उचललेली मोटर मागे पसरते. आत गेल्यावर आधाराचा दांडा काढून ती पूर्ण खाली सोडली की फूटभर तरी लांबी कमी होते. खाली सोडण्याआधी स्केग (मोटरच्या तळाचं पातं) जमिनीला टेकणार नाही ना ते बघा. कमी अंतर असेल तर जॅक फिरवून टंग थोडी खाली घ्या, मागची बाजू वर येईल. ही मोटर चढ चढतानाच खाली सोडू नका. जिथे सपाट रस्ता संपून ड्राइव्हवेचा चढ सुरू होतो, तिथे स्केग घासतो.

उरलेल्या इंचांसाठी घडीच्या टंगची बिजागरी. टंगचं माप आधी घ्या (३ बाय ३, ३ बाय ४ इंच वगैरे), त्या मापाची आणि ट्रेलरच्या वजनाला पुरेल अशी बिजागरी मिळते, बोल्टची किंवा वेल्डिंगची. फायदा किती होईल ते ठरतं कपलर ते बोटीचं नाक या अंतरावर. घडी नाकाच्या मागे नेऊन काही मिळत नाही, कारण नाक तिथेच असतं.

दोन गोष्टी चुकतात. जॅक बिजागरीच्या पुढे राहिला तर घडी घातल्यावर ट्रेलर कशावर उभा राहणार? जॅक बिजागरीच्या मागे, बोटीच्या बाजूला हवा. दुसरं, तुमच्याकडे ब्रेकची हायड्रॉलिक नळी टंगमधून जाते. तिथे लवचिक होज टाकावा लागेल आणि नंतर ब्रेकमधली हवा काढावी लागेल. वायरिंगलाही ढील ठेवा.

उत्तररेषा:
एवढी कापाकापी कशाला? ड्रिलवर किंवा बॅटरीवर चालणारी डॉली (टंगखाली लावून ट्रेलर हलवायची छोटी चाकाची गाडी) घ्या आणि इंचाइंचाने सरकवा.

पान्हा१२:
डॉलीने लांबी कमी होत नाही. शिवाय २० ला १ चा चढ आहे. ३००० पौंड धरले तर नुसत्या चढाचेच १५० पौंड मागे ओढतात. डॉलीच्या चाकाची पकड टंगवर येणाऱ्या वजनातून येते, आणि बर्फाळ काँक्रीटवर ते चाक फिरत राहतं. बोट मागून आत घ्या, मोटर मागच्या भिंतीपासून चार इंचांवर. कपलर दाराबाहेर असतानाच दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग जॅक, मग पिकअप सोडवा, टंगची घडी घाला, दार लावा. हाताने ढकलायचं काही उरत नाही.

तळ्याकाठी:
पण चढावर अडते त्याचं काय? ते कुणीच सांगितलं नाही.

निळीतार:
सर्ज ब्रेकला ट्रेलरने कपलर आत दाबला एवढंच कळतं. पिकअप थांबते तेव्हाही तो दबतो आणि चढावर मागे ढकलतानाही. डिस्क ब्रेकला दोन्हीतला फरक समजत नाही, म्हणून लागतात. त्यासाठी ट्रेलरवर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो, तो रिव्हर्स लाइटच्या करंटवर ब्रेकचं तेल अडवतो. तुमचा प्लग ४ तारांचा असेल तर तो करंट पोचतच नाही. ५ तारांचा फ्लॅट प्लग हवा, पाचवी तार निळी. पिकअपच्या ७ पिनांच्या सॉकेटमध्ये बहुधा मधली पिन रिव्हर्सची असते. टेस्टरने खात्री करा आणि ७ ते ५ चा अडॅप्टर लावा. रिव्हर्स टाकल्यावर सोलेनॉइडचा टक् आवाज येतो का ऐका. रेटत राहिलात तर पॅड तापतात.

गृहरक्षक:
गॅसचा वॉटर हीटर त्याच गॅरेजात आहे का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. हीटरची ज्योत फरशीपासून किमान १८ इंच वर हवी. टाकीची नळी मोटरपासून सोडवा आणि चार्जर रात्रभर लावून ठेवू नका.

तळ्याकाठी:
हीटर तळघरात आहे. प्लग आत्ता पाहिला, ४ तारांचाच. कपलर ते नाक २६ इंच. टंग ३ बाय ४.

पान्हा१२:
मग बसते. मोटर खाली सोडून साधारण २६८, घडीने २२ इंच गेले तरी २४६. दार वळताना त्याचा वरचा भाग आत येतो, म्हणून दाराशी १० इंच मोकळे ठेवा. बिजागरीच्या दोन्ही पिना दरवेळी रस्त्यावर निघण्याआधी तपासा.