आगगाडी उपक्रम: ग्रंथालयाची खोली मिळेल का?

प्रेषक: युवा उपक्रम
मंडळी, रविवारचा मुलांचा आगगाडीचा खेळ नक्की आहे: दोन स्टेशनं, मधे रूळ, आणि घंटेने एकमेकांना निरोप. अडलंय ते फक्त जागेपाशी. नाटकवाल्यांचा सेट अर्ध्या लॉबीत येणार, हे कालच कळलं. उरलेल्या भागात रूळ बसतील, पण दुसरं स्टेशन ग्रंथालयाच्या खोलीतच हवं. एक टेबल, तीन मुलं, बाकी काही हलवणार नाही. आज हो-नाही कळवा, घंटेची तार आणायची आहे.

प्रेषक: ग्रंथालय
खजिना-शोधाच्या वेळी असंच "काही हलवणार नाही" ठरलं होतं. नंतर दोन कपाटं लावायला मला तीन संध्याकाळी लागल्या. खोली बंद राहू द्या, लॉबीत मधे पडदा लावा. रेल्वेवरची पुस्तकं हवी असतील तर बोरघाटाच्या नकाशांसकट मी स्वतः बाहेर काढून देते. मुलांनी आधी थोडं वाचलं तर खेळही समजून खेळतील.

प्रेषक: अप्पा
ताई, पडद्याने भागणार नाही. पडद्यामागून गाडी ऐकू येते, मुलं डोकावतात, आणि मग घंटा वाजवायचं कारणच उरत नाही.

माझे वडील एकेरी मार्गावरच्या, म्हणजे एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या तिथल्या, लहानशा स्टेशनात मास्तर. पुढचं स्टेशन त्यांना कधी दिसलं नाही, ऐकू यायची ती त्याची घंटा. दोन्हीकडची टोकन यंत्रं तारेने जोडलेली. टोकन म्हणजे धातूचा गोळा, गाडीला पुढे जायची परवानगी. एका यंत्रातून गोळा बाहेर आला की तो कुठल्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. म्हणून एका वेळी त्या मार्गावर एकच गाडी. रात्रीची मालगाडी थांबणारी नसली की पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारा कामगार, मशाल लावून फलाटाच्या टोकाला उभा राहायचा. वेताच्या कड्याला कातडी पिशवी, पिशवीत गोळा. इंजिनातला माणूस बाहेर झुकून मागच्या स्टेशनचं कडं खाली टाकायचा आणि नवं दंडात ओवून घ्यायचा. चुकलं तर गाडी थांबवायची, दुसरा उपाय नाही.

मी 9 वर्षांचा असताना वडिलांनी तो गोळा माझ्या हातात दिला. गार, जड, वर अक्षरं कोरलेली. तोवर गाडी म्हणजे मला धूर आणि शिट्टी. त्या रात्री कळलं की एवढं धूड माझ्या मुठीतल्या या वस्तूवाचून पुढे सरकू शकत नाही. मुलांना हे कळायला हवं, आणि त्यासाठी दोन खोल्या लागतात.

प्रेषक: संकेतस्थळ
जागेचं तुम्ही बघा. भित्तीपत्रकावर "भारतातली पहिली रेल्वे, 16 एप्रिल 1853" छापलंय, ते दुरुस्त करा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहायला रूळ होते, आणि रुडकीला 1851 मध्ये कालव्याच्या कामावर वाफेचं इंजिन माती ओढत होतं. 14 डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं बरोबर आहेत.

प्रेषक: युवा उपक्रम
"प्रवासी" शब्द घातला. पण खोली?

प्रेषक: एक पालक
वाचनाबद्दल ताईंचं पटतं, पण क्रम उलटा हवा. माझ्या 13 वर्षांच्या लेकीला दोन संग्रहालयं दाखवली. दोरीपलीकडून इंजिन बघून ती दहा मिनिटांत कंटाळली. मग एका जुन्या मार्गावर सिग्नल केबिनमधल्या आजोबांनी तिला सांध्याचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जोडाचा, खटका ओढायला दिला. दोन्ही हातांनी, पाय रोवून, सगळं वजन टाकून तिने तो ओढला. खिडकीबाहेर रूळ सरकलेले दिसले आणि ती "मी केलं!" म्हणून ओरडली. घरी आल्यावर सांधा कसा चालतो ते तिने स्वतः शोधून वाचलं.

वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 पासून हौशी स्वयंसेवकांनी चालवली, म्हणून ती बंद पडली नाही. असे मार्ग पुढे चालवायला आजची मुलं लागणार आहेत. त्यांना प्रेक्षक करून ठेवलं तर ती येणार नाहीत.

आणि घाटाबद्दल सांगणार असाल तर ॲलिस ट्रेडवेलचं नाव घ्याच. कंत्राटदार नवरा 1859 मध्ये वारला, बोरघाटाचं कंत्राट तिने पुढे नेलं आणि 1863 मध्ये घाट सुरू झाला. कॉलरा आणि अपघातांनी तिथे हजारो मजूर गेले, तेही सांगा. 13 वर्षांच्या मुलांना ते झेपतं.

प्रेषक: नाट्यविभाग
लॉबी आम्ही फेब्रुवारीतच मागितली होती, एवढं नोंदवून ठेवतो. सेट भिंतीला सरकवू, पण रूळ साडेचारला उचललेच पाहिजेत.

प्रेषक: ग्रंथालय
अप्पा, हे सगळं तुम्ही आधी कधी बोलला नाहीत. खोली देते. टेबल खिडकीपाशी, कपाटांच्या बाजूला कोणी जायचं नाही, आणि मी स्वतः आत बसणार. ट्रेडवेलबाईंचा उल्लेख असलेलं पुस्तक टेबलावर ठेवते. घंटा ऐकून उत्तर द्यायचं काम मला मिळालं तर आवडेल.

प्रेषक: अप्पा
ताई, तुम्ही मास्तर नको, मुलांनाच होऊ द्या. तुम्ही नोंदवही सांभाळा. प्रत्येक गाडीची वेळ त्यात लिहावीच लागते आणि वडिलांच्या वहीत कधी खाडाखोड नसायची. तार 15 मीटर आणा. दाराखालून घ्या, वर चिकटपट्टी लावा, कोणाचा पाय अडकायला नको. वेताची दोन कडी मी शुक्रवारी वळून आणतो.