मदत हवी आहे: ग्लेशियर नॅशनल पार्क, २२ फुटी ट्रेलर आणि बाबांचं सीपॅप. कुठलं कॅम्पग्राउंड घेऊ?

मंडळी, नमस्कार.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ट्रेलर घेऊन मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं ठरवतोय. सिॲटलहून साधारण साडेपाचशे मैल, वाटेत स्पोकेनच्या आसपास एक मुक्काम. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून येणारे माझे आई-बाबा. पार्कमधल्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि मोठ्या ट्रेलरच्या जागा बघता बघता संपतात. फेब्रुवारीच्या शेवटी त्या सकाळी कुठल्या नावावर क्लिक करायचं हे आधीच पक्कं हवं, म्हणून आत्ता विचारतेय.

बाबा ७३ वर्षांचे आहेत. उभी हयात सह्याद्रीत भटकले, मला सहाव्या वर्षी खांद्यावर घेऊन राजगड चढले. आता गुडघे साथ देत नाहीत आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप मशीन लावावं लागतं. त्यांनी हिमनदी कधी पाहिलेली नाही. ती त्यांना दाखवायची, एवढ्यासाठी ही सगळी खटपट आहे. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटनचाही विचार केला होता, पण तिथली कॅम्पग्राउंड्स ८,००० फुटांच्या वर आहेत. बाबांना तिथे रात्र काढायला लावायचं माझं धाडस नाही. ग्लेशियरमधलं मॅकडोनाल्ड तळं जेमतेम ३,१५० फुटांवर आहे, म्हणून हे पार्क.

आता अडचण. पार्कच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही, म्हणजे वीज नाही. जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो, रात्री नाहीच. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही बिनविजेच्या जागेवर राहिलो होतो. पहाटे तीनला बॅटरी बसली, हीटर बंद पडला आणि लेक कुडकुडत उठली. तेव्हा पांघरुणं वाढवून भागलं. बाबांचं मशीन असं मध्येच बंद पडलेलं मला चालणार नाही.

आमचा ट्रेलर २२ फूट, पिकअप साडेएकोणीस फूट. दोन्ही एकामागे एक उभे केले तर ४० फुटांच्या वर जातात, पण पिकअप सोडवून बाजूला लावता आला तर थोड्या कमी लांबीतही बसू. स्प्रेग क्रीकला ओढून आणलेलं काहीच चालत नाही आणि ॲव्हलांच, रायझिंग सन आम्हाला आखूड पडतात, म्हणून ती तिन्ही बाद. मेनी ग्लेशियरचं फार कौतुक ऐकलंय, पण तिथे लांब जागा मोजक्याच. राहिले हे पर्याय:

ॲपगार. पश्चिमेकडचं, पार्कमधलं सगळ्यांत मोठं, जवळपास दोनशे जागा आणि त्यातल्या काही ४० फुटांपर्यंतच्या. तळं, दुकान, सपाट रस्ते, सगळं बाबांच्या चालण्याच्या टप्प्यात. पण गर्दी.

फिश क्रीक. तळ्याच्या त्याच टोकाला, दाट झाडीत, जास्त शांत. मला मनातून हेच हवंय. पण झाडीत सोलर पॅनेलचा उपयोग किती होणार?

सेंट मेरी. पूर्वेकडचं, उघड्यावर. ऊन भरपूर, डोंगर थेट समोर, पण वारा सुटतो असं सगळेच सांगतात.

चौथा पर्याय म्हणजे पार्कबाहेर वेस्ट ग्लेशियरला खासगी कॅम्पग्राउंडमध्ये फुल हुकअप घेणं. विजेची चिंता मिटते. पण संध्याकाळी तळ्याच्या काठी बाबांसोबत चहा घेत बसायचं, हे जे डोळ्यांसमोर आहे ते मग राहून जातं.

आमच्याकडे १०० अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी आहे आणि २०० वॉटचं पॅनेल. कुणी सीपॅप घेऊन बिनविजेचं राहिलंय का? आणि ट्रेलर असताना गोइंग-टू-द-सन रोड, म्हणजे पार्कमधून डोंगर ओलांडून जाणारा रस्ता, कसा केलात? गाडीच्या लांबीची २१ फुटांची मर्यादा माहीत आहे, बाकी काही खाचाखोचा असतील तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आम्ही दोनदा जाऊन आलोय, माझे सासरेही सीपॅपवाले. आधी बॅटरीचं बघा. लेड-ॲसिडमधले निम्मेच वापरायचे, म्हणजे तुमच्या हातात ५० अँपिअर-अवर. हीटरचा पंखा एका थंड रात्रीत वीसेक खातो. सीपॅप पाणी गरम न करता चालवलं तर आठ तासांत साधारण पंचवीस, ह्युमिडिफायर (पाणी गरम करून हवा दमट करणारा भाग) लावला की दुप्पट-तिप्पट. म्हणजे ह्युमिडिफायर लावून एक रात्रही निघणार नाही, आणि न लावता जेमतेम निघेल. मशीनच्या कंपनीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, इन्व्हर्टरमधून चालवलंत तर वीज फुकट जाते. आणि शक्य असेल तर १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी फक्त बाबांसाठी वेगळी ठेवा. मग पंखा कितीही फिरला तरी त्यांच्या विजेला धक्का नाही. ह्युमिडिफायरशिवाय त्यांना झोप लागते का, हे निघायच्या आधी घरी चार-पाच रात्री करून बघा. डॉक्टरांनाही विचारा.

जागा ॲपगारमध्येच घ्या. फिश क्रीकच्या सावलीत आमचं पॅनेल दिवसभरात काहीच भरत नव्हतं.

सन रोडसाठी ट्रेलर जागेवर सोडायचा आणि नुसता पिकअप न्यायचा. पण २१ फूट बंपरसकट मोजतात, म्हणून मागचा हिचचा (ट्रेलर जोडायचा) दांडा काढून ठेवा. रुंदीची मर्यादा ८ फूट, आरशांसकट. टोइंगचे मोठे आरसे असतील तर आत ओढून घ्या, हे बरेच जण विसरतात. वाटेतला लोगन पास (खिंड) ६,६४६ फुटांवर आहे. तो ओलांडून पूर्वेला थोडं उतरलं की जॅक्सन ग्लेशियर ओव्हरलूक लागतो. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून हिमनदी दिसते, चालावं लागत नाही. दुर्बीण न्या. परतताना ॲव्हलांचजवळ ट्रेल ऑफ द सीडर्सवर थांबा, लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, बाबा आरामात चालतील.

ट्रेलर घेऊन पूर्वेला जायचंच झालं तर हायवे २ ने मरायस पासवरून ब्राउनिंगला जा आणि तिथून ८९. मधला ४९ नंबरचा रस्ता जवळचा दिसतो, पण फार वळणांचा आहे, ट्रेलरला नको.

आणि अस्वलं. रात्री कुकर, कढई, तेलाची बाटली, काहीही बाहेर राहू देऊ नका. धुतलेलं असलं तरी आत.

धागाकर्ती

खूप खूप आभार! जॅक्सन ओव्हरलूकचं वाचून बाबांना लगेच फोन केला. त्यांनी दुर्बीण माळ्यावरून काढायला सांगितली आहे, आणि आईने तेवढ्यात विचारून घेतलं की फोडणी बाहेर केली तर चालेल का. वेगळ्या लिथियम बॅटरीचं ठरलं. ह्युमिडिफायर बंद ठेवून बघायला बाबा आज रात्रीपासूनच सुरुवात करतायत.

ॲपगार नक्की. आता एकच सांगा, तिथे सकाळचं ऊन लवकर येतं आणि स्वच्छतागृह जवळ पडतं अशा जागा कुठल्या लूपमध्ये (कॅम्पग्राउंडच्या गोल रस्त्यावरच्या गटात) आहेत? बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. ट्रेलरमध्ये सोय आहे, पण त्यांना ती अडचणीची वाटते.