वीजबिल ३०० युनिटांच्या खाली आणायचंय, आधी काय बदलू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो, दोन बेडरूम, माणसं पाच. गेल्या वर्षी मे महिन्यात २६० युनिट आले होते, ह्या वर्षी ३४०. बिल बघून पोटात गोळाच आला. घरात पगार एकच, त्यात जूनमध्ये मुलींच्या शाळेची फी.

घरात काय काय आहे ते सांगते. फ्रिज १४ वर्षांचा, दोन दारांचा. साधे पंखे पाच. दीड टनाचा तीन स्टारचा एसी, उन्हाळ्यात रात्री चारेक तास लावतो. १५ लिटरचा गिझर, वॉशिंग मशीन, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, पाण्याचा फिल्टर. दिवे सगळे एलईडी आहेत. गेल्या वर्षीपेक्षा वेगळं एवढंच की सासूबाई जानेवारीपासून कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत. त्यांच्या खोलीतला पंखा जवळजवळ दिवसरात्र चालतो. तो बंद करा असं मी त्यांना म्हणणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नका.

हे म्हणतात एसी विकून टाकू. शेजारच्या काकूंनी प्लगमध्ये खोचायचं वीज वाचवणारं यंत्र सुचवलंय. हाताशी दहा हजार आहेत. ते कशावर घालू?

हिशेबी
ताई, आधी बिलाचं गणित समजून घ्या, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. १०० च्या वरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या जवळपास दुप्पट पडतं, ३०० च्या वरचं त्याहून महाग. वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) प्रत्येक युनिटावर, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. तुमचे शेवटचे ४० युनिट एकटेच साडेसहाशे-सातशेच्या घरात गेले असतील. बचत नेहमी वरून कापली जाते, म्हणून पहिले ४० युनिट वाचवणं सगळ्यांत फायद्याचं.

आणखी एक. बिलावरचं मागील रीडिंग आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल, तर पुढच्या बिलात फरक एकदम अंगावर येतो.

तारेवरचीकसरत
मी वायरिंगची कामं करतो, २२ वर्षं झाली. ते प्लगवालं यंत्र घेऊ नका. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी येते त्याचं माप) सुधारतो असं सांगतात, पण घरगुती बिल युनिटांवर निघतं, पॉवर फॅक्टरवर नाही. त्यातून एक पैसा कमी होत नाही. काकूंनाही सांगा.

विकत काही घेण्याआधी मोजा. यंत्र लागत नाही, मीटरच सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच ३२०० imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त एक वस्तू चालू ठेवा. २० लुकलुक व्हायला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. २२,५०० ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट आले. मीटरवर १६०० लिहिलं असेल तर ४५,००० ला भागा.

आणि सगळ्यांत आधी मेन स्विच पाडून बघा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी भार आहे.

जाईजुई
हे शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. आमच्या जुन्या इमारतीत जिन्यातले दोन दिवे आमच्या मीटरवर निघाले. किती वर्षं भरत होतो देव जाणे.

चुलीपासूनसोलरपर्यंत
आम्ही कराडजवळ स्वतःच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. ताईंचा फ्लॅट आहे, गच्ची सोसायटीची, म्हणून त्यांच्या आत्ता कामाचं नाही. ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांनी मात्र विचार करावा.

कोकणकडा
गिझरवर बोलतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिटच लागतो. पण बटण सकाळभर चालू राहिलं की पाणी निवतं, पुन्हा तापतं, आणि तो अर्ध्याचा दीड कधी होतो कळत नाही. थर्मोस्टॅट ५० वर आणा, सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका. नाहीतर सरळ गॅस गिझर लावा, वीज वाचेल.

जाईजुई
गॅस गिझरबद्दल मला कळकळीने सांगायचंय. बंद बाथरूममध्ये तो कधीही लावू नका. जळताना हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला ग्लानी येते आणि दाराची कडी काढायचंही भान राहत नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी अशीच गेली, २३ वर्षांची होती. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत, पाण्याची नळी आत. ताईंच्या घरी ७८-८० च्या घरातल्या सासूबाई असतील तर महिन्याच्या शे-दोनशे रुपयांसाठी हा विचारही करू नये.

कोकणकडा
तुमचं दुःख वाचून वाईट वाटलं. माझं वाक्य मागे घेतो. आमचा गिझर मागच्या पडवीत आहे, ते आधी लिहायला हवं होतं.

हिशेबी
पंख्याचं सांगतो. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पूर्ण वेगात ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. सासूबाईंच्या खोलीत तो १८ तास चालतो असं धरलं तर दिवसाला ०.८१ युनिट, महिन्याला २४. सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडलं तर २८८ रुपये. पंखा तीन हजारांचा. म्हणजे नाशिकची थंडी सोडून द्या, तरी साधारण वर्षभरात पैसे फिटतात. पण जो पंखा दिवसाला तीन तास चालतो तो बदलू नका, त्याला सहा वर्षं लागतील. पाचही पंखे एकदम बदलायच्या फंदात पडू नका, फक्त आजींच्या खोलीतला बदला.

तारेवरचीकसरत
बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्या. रेग्युलेटरमधून चालवला तर त्याचं सर्किट जळू शकतं. असे दोन पंखे मी ह्याच महिन्यात उतरवलेत.

गोदाकाठ
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! यंत्र घेत नाही. गॅस गिझर तर नाहीच. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत.

मीटरचा प्रयोग काल केला. मीटर तळमजल्यावर, म्हणून धाकटी खाली उभी राहून फोनवर लुकलुक मोजत होती आणि मी वर एकेक बटण पाडत होते. मेन पाडल्यावर दिवा थांबला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा भार नाही. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स १० वॅट घेत होता. दिवसाचे २० तास तो असाच असतो, म्हणजे महिन्याला ६ युनिट नुसते बसून. आता रात्री मागचं बटणच पाडतो.

फ्रिजला २० लुकलुक व्हायला ११० सेकंद लागले, म्हणजे २०५ वॅट. हे जास्त आहे का? तो थांबतो कधी हेच मला आठवत नाही.

तारेवरचीकसरत
वॅट ठीक आहेत, थांबत नाही ही खरी अडचण. चांगला फ्रिज थोडा वेळ चालतो, थोडा वेळ गप्प बसतो. दिवसभर घर बंद असेल तेव्हा फ्रिज सोडून सगळं पाडून जा आणि २४ तासांचं रीडिंग घ्या.

गोदाकाठ
परवा सिन्नरला लग्नाला गेलो होतो, मुक्काम होता. बरोबर २४ तासांत ४.१ युनिट. महिन्याला १२३!

हिशेबी
सापडलं. नव्या अडीचशे लिटरच्या तीन स्टार फ्रिजच्या लेबलवर वर्षाला दोनशे-अडीचशे युनिट लिहिलेले असतात. तुमचा दोन महिन्यांत तेवढे खातोय. बिचाऱ्या एसीवर आळ येत होता. चारेक तास म्हणजे तोही महिन्याला शंभराच्या आसपास खात असेल, पण तो उन्हाळ्याचे तीनच महिने. फ्रिज बाराही महिने.

जाईजुई
लगेच नवीन घेऊ नका, आधी दाराचं रबर बघा. वहीचा कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून गारवा बाहेर जातोय. चारी बाजूंना बघा, खालच्या कोपऱ्यात रबर आधी सैल होतं. मागची जाळीही झाडा, धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही. आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. माझ्या आईच्या फ्रिजवर तर मिक्सर, डबे, औषधांची पेटी, मागे कापडी पिशव्या खोचलेल्या. तो काढायला आम्हा बहिणींना एक दुपार लागली.

कोकणकडा
एसीचं एकच सांगतो. २४ वर ठेवा आणि पंखा दोनवर लावा, २६ वरही झोप लागते. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पंधरा दिवसांनी जाळी नळाखाली धुवा. विकू नका, विकून मिळणार काय!

गोदाकाठ
आठवड्यानंतर लिहितेय. कागद खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून अलगद निघाला. मागची जाळी दिसतच नव्हती, नुसती करडी लोकर. मिस्त्रींनी मोठ्या दाराचं रबर बदललं, मजुरीसकट साडेआठशे घेतले. भिंतीपासून पुढे ओढला, वर ठेवलेली धान्याची पिंपं गॅलरीत हलवली. काल पुन्हा २४ तासांचं रीडिंग घेतलं: २.३. आता फ्रिज मधेमधे गप्प बसतो. स्वयंपाकघरात किती शांतता असू शकते हे आज कळलं.

सासूबाईंच्या खोलीत बीएलडीसी पंखाही बसवला. रिमोटची बटणं त्यांना दिसत नव्हती, म्हणून मोठीने चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका काढून दिला. रात्री उठून भिंतीपर्यंत जावं लागत नाही ह्याचंच त्यांना जास्त सुख.

दहा हजारांतले सहा हजार अजून आहेत. त्यात भर घालून दिवाळीला फ्रिज बदलू का?

हिशेबी
फार छान केलंत. दिवसाला १.८ म्हणजे महिन्याला ५४ युनिट गेले, पंख्याचे २४, रात्री बंद ठेवलेल्या बॉक्सचे दोनतीन. पुढचा मे ह्याच एसीसकट २६० च्या आसपास यायला हवा. फक्त पुढचं बिल बघून निष्कर्ष काढू नका, पावसाने एसी बंद झालाय म्हणून ते कमी येणारच. २४ तासांच्या रीडिंगवर विश्वास ठेवा.

फ्रिजचं म्हणाल तर आताचा महिन्याला ६९ खातो, नवा २० च्या आसपास खाईल. ४९ युनिट वाचले तर सहाशेच्या आत-बाहेर. पंचवीस हजारांचा फ्रिज साडेतीन वर्षांत फिटतो. घाई नाही, पण हा पुन्हा न थांबता चालायला लागला तर त्यावर आणखी खर्च करू नका. घेताना दुकानदार सांगेल त्यापेक्षा लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. मोठा पाच स्टार फ्रिज लहान तीन स्टारपेक्षा जास्त खाऊ शकतो.

तारेवरचीकसरत
जुना घरात दुसरा फ्रिज म्हणून ठेवू नका. पाण्याच्या बाटल्या गार करायला लोक तो गॅलरीत चालू ठेवतात आणि मग बिल कमी का झालं नाही म्हणून मला फोन करतात.

गोदाकाठ
नाही ठेवणार. हे मात्र बाटल्यांबद्दल आजच बोलले होते, त्यांना तुमचं वाचून दाखवते.