बाळाच्या रिपोर्टमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आली, पण तिने दाणा अजून खाल्लेलाच नाही

स्नेहल, सुदामा नगर
नमस्कार, माझी मुलगी सात महिन्यांची आहे, तिसऱ्या महिन्यापासून एक्झिमा आहे, गाल आणि कोपराच्या घड्या इतक्या लाल होतात की रात्रभर खाजवते, ना ती झोपते ना आम्ही. कोणीतरी सांगितलं म्हणून यांनी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं अ‍ॅलर्जी पॅकेज करून घेतलं, त्यात शेंगदाणा 0.8, गहू 0.5, मूगपण पॉझिटिव्ह असं आलंय. आता सासूबाई म्हणतात सगळं बंद, आणि अंगावर पाजते म्हणून मीही खायचं नाही. आपल्याकडे पोहे, खिचडी, कोशिंबीर, दाण्याशिवाय कुठला दिवस जातो? मुलगी वरणभात आणि गव्हाची खीर आरामात खात होती, कधी काही झालं नाही. दाणा तेवढा अजून दिलेला नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर काय काय बंद करू?

मुग्धा (पेडियाट्रिक्स रेसिडेंट)
स्नेहल, खीर आणि वरण आजच परत सुरू कर. जे ती नेहमी खातेय आणि खाल्ल्यावर दोनेक तासांत अंगावर गांध्या, ओठांवर सूज, उलट्या, खोकला असलं काही होत नाही, त्याची अ‍ॅलर्जी फक्त आकड्यावरून ठरत नाही. रक्तात आयजीई (टेस्टमध्ये मोजतात ते अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रोटीन) सापडणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी असणं वेगळं. कर्नाटकात मोठ्या माणसांवर अभ्यास झाला होता, त्यात साधारण 26 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाचं आयजीई निघालं आणि अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ठरली ती जेमतेम 1.2 टक्क्यांत. म्हणून असं ढीगभर पदार्थांचं पॅनेल सरसकट करूच नये, ज्या पदार्थावर संशय आहे तेवढंच तपासायचं. उलट एक्झिमावाल्या बाळाचा नीट चाललेला पदार्थ बरेच महिने तोडला आणि मग परत दिला तर खरीखुरी रिअ‍ॅक्शन आल्याच्या केसेस आहेत, याची मला जास्त काळजी वाटते. तू स्वतः पण सगळं खा, आईने सोडून काही साधत नाही, दूध पाजणाऱ्या बाईचं जेवण उगाच तोडू नये.

दाण्याचं मात्र वेगळं आहे, कारण तो तिने खाल्लेलाच नाही. 2015 मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या टीमचा लीप नावाचा अभ्यास आला. जोरात एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं, 4 ते 11 महिन्यांची, अर्ध्यांना दाणा नियमित खायला दिला, अर्ध्यांचा पाच वर्षांपर्यंत पूर्ण बंद. ज्यांची स्किन टेस्ट (कातडीवर पदार्थाचा थेंब टाकून हलकंसं टोचून बघतात ती) सुरुवातीला निगेटिव्ह होती त्यांच्यात बंद ठेवलेल्यांपैकी 13.7 टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली आणि खाणाऱ्यांपैकी फक्त 1.9 टक्क्यांना! आधी अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा अशा बाळांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊ नका म्हणायचे, 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला. तेव्हा उशीर करायचा नाही, पण तुझ्या मुलीचा एक्झिमा जोरात आहे आणि रिपोर्टमधला दाण्याचा आकडा 0.35 च्या, म्हणजे पॉझिटिव्ह धरायच्या सीमेच्या, वर आहे, म्हणून पहिला चमचा घरी देऊ नकोस. अ‍ॅलर्जीवाल्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट, आणि त्यांना योग्य वाटलं तर तिथेच थोडं थोडं खाऊ घालून बघतात. खरं निदान त्या खाऊ घालण्यातूनच होतं.

प्रसाद, राजेंद्र नगर
माझ्या मुलाला खरी दाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून लिहितो. लग्नात चटणीचं बोट चाटलं, पाच मिनिटांत आवाज घोगरा, अंगभर गांध्या, मग उलटी. लोक म्हणत होते अ‍ॅलर्जीचं सिरप पाजा. सिरपने खाज थांबते, बंद होणारा श्वास नाही. औषध अ‍ॅड्रेनलीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि उशीर न करता. परदेशात मिळतं तसं त्याचं तयार भरलेलं इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज दिली, वजनाप्रमाणे डोस कागदावर लिहून दिला, आम्हा दोघांकडून भरून घेतला तेव्हाच घरी सोडलं. ती डबी त्याच्या शाळेच्या बॅगेत असते, आणि कधी लागलंच तर इंजेक्शन देऊन लगेच 108 ला फोन, असं ठरलेलं आहे. आणि आयजीजीवाली दोनशे पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट विकायला कोणी आलं तर सरळ नाही म्हणा ताई, आयजीजी हे आयजीईपेक्षा वेगळं प्रोटीन, ते आपण जे खातो त्याचं बनतंच, युरोपच्या अ‍ॅलर्जी संघटनेने 2008 मध्येच तशा टेस्टवरून निदान करू नका म्हणून सांगितलंय.

वैशाली काकू, रामबाग
स्नेहल बाळा, मालिश कशाने करतेस? घाण्यावरचं दाण्याचं तेल असेल तर थांबव. आणि डाळीचं पीठ नि साय पण नको लावू त्या फाटलेल्या कातडीवर, मला माहीत आहे आपल्याकडे हेच चालतं, मी माझ्या मुलांना लावलंय. माझी सून त्वचेची डॉक्टर, तिने समजावलं की पदार्थ पोटातून गेला तर शरीर त्याला ओळखीचा मानतं, आणि तोच खाजवलेल्या कातडीतून गेला तर शत्रू मानू शकतं. जपानमध्ये म्हणे गव्हाचं प्रोटीन घातलेला साबण चेहऱ्याला लावून दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली, आधी पोळी-ब्रेड सगळं खाणारी माणसं. सासूबाईंना हे सांग, मालिश बंद नाही करायची, तेल बदलायचं म्हटलं की ऐकतील.

स्नेहल, सुदामा नगर
काकू, मालिश घाण्याच्याच तेलाने होतेय, आजच बदलते. मुग्धा, एक्झिमाचं मलम मी घाबरून फार पुरवून पुरवून लावते, स्टिरॉइड आहे ना. आणि टेस्ट नीट आली तर दाणा द्यायचा कसा?

मुग्धा (पेडियाट्रिक्स रेसिडेंट)
मलम डॉक्टरांनी सांगितलंय तितकं पूर्ण लाव, कातडी बरी होणं हा पण बचावच आहे. जपानमध्येच एक्झिमा काबूत ठेवून शिजवलेल्या अंड्याची पूड थोडी थोडी दिली तर एक वर्षाच्या बाळांत अंड्याची अ‍ॅलर्जी 38 वरून 8 टक्क्यांवर आली. अंड्याचंही विचारून घे.

दाणा अख्खा कधीच नाही, जाडसर कूट पण नाही, घशात अडकतं. भाजून सालं काढून अगदी गंधासारखं वाटायचं आणि कोमट पाण्यात किंवा खिरीत पातळ करायचं. लीपमध्ये आठवड्याला सहा ग्रॅम दाण्याचं प्रोटीन होतं, तीन वेळांत वाटून, म्हणजे दर वेळी साधारण दोन छोटे चमचे पेस्ट, पण सुरुवात किती आणि वाढवायचं कसं ते डॉक्टर सांगतील. सर्दी-ताप असेल त्या दिवशी नवीन काही नाही. सकाळी द्यायचं, झोपायच्या आधी नाही, आणि दोन तास तिच्याजवळ कोणीतरी बसून राहायचं. एकदा सुरू झालं की सोडायचं नाही, सासूबाईंच्या उपासाच्या खिचडीसोबत तिचीही वाटी.