ड्रो रेंजर: फार्म भरपूर, तरी टीमफाइटमध्ये सर्वांत आधी मरण, उभे कुठे राहावे?

हिमबाण (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी डोटा 2 (पाच विरुद्ध पाच हिरोंचा ऑनलाइन खेळ) मध्ये बहुतेक वेळा सेफ लेनचा (सुरक्षित वाटेवरचा) कॅरी, म्हणजे उत्तरार्धात संघाचा मुख्य मारा करणारा, म्हणून खेळतो आणि ड्रो रेंजर ही माझी आवडती हिरो आहे. लेनचा टप्पा ठीक जातो. फ्रॉस्ट ॲरो हाताने मारले की समोरचे क्रीप (आपोआप लढणारे किरकोळ सैनिक) अंगावर येत नाहीत, त्यामुळे ऑफलेनरला (त्या वाटेवरच्या प्रतिस्पर्ध्याला) सतावत लास्ट हिट (क्रीपचे सोने मिळवून देणारा शेवटचा घाव) घेणे जमते आणि पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास नेटवर्थच्या (कमावलेल्या संपत्तीच्या) यादीत मी बहुधा वरच असतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. समोर ॲक्स किंवा स्पिरिट ब्रेकर (अंगावर चालून येणारे हिरो) असेल, तर टीमफाइटची सुरुवातच माझ्यापासून होते आणि मी पडलो की आमच्या संघाकडे टॉवर किंवा रोशन (नकाशावरचा बलाढ्य राक्षस) घेण्याइतका मारा उरत नाही. फार मागे थांबावे तर बाण पोहोचत नाहीत. थोडे पुढे सरकावे तर शत्रू खेळातील 400 एकक अंतराच्या आत येतो आणि मार्क्समनशिप (ड्रोचे बाण अधिक घातक करणारे स्किल) बंद पडते. ड्रोसारख्या नाजूक, दुरून मारणाऱ्या कॅरीने टीमफाइटमध्ये नेमके कधी शिरावे, कुठे उभे राहावे आणि हरिकेन पाइक (पल्ला वाढवणारी आणि शत्रूला दूर ढकलणारी वस्तू) व ब्लॅक किंग बार (शत्रूच्या बहुतेक स्किलपासून काही काळ वाचवणारी वस्तू) यांपैकी आधी काय घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सह्यकडा:

आपल्या प्रश्नातील ‘कुठे’ या शब्दापेक्षा ‘कधी’ हा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटतो. याचे कारण साध्या हिशेबात आहे. ड्रोचा मूळ पल्ला 625 आहे. ड्रॅगन लान्स किंवा पाइक घेतल्यावर तो साधारण 775 होतो. ब्लिंक डॅगर या वस्तूने मारता येणारी उडी मात्र 1200 ची असते. म्हणजे ज्या ठिकाणाहून आपला बाण कोणालाही लागू शकतो, असे जवळजवळ प्रत्येक ठिकाण ब्लिंक बाळगणाऱ्या ॲक्सच्या आवाक्यात असते. केवळ दोन पावले मागे उभे राहून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्यापर्यंत पोहोचू शकणाऱ्या शत्रूंनी त्यांची साधने वापरलेली असतील किंवा त्यांना ती वापरता येत नसतील, तेव्हाच आपण पल्ल्यात यायला हवे.

यासाठी फाइटच्या आधी, शक्यतो लोडिंगच्या पडद्यावरच, समोरच्या पाच जणांची मनात विभागणी करावी: माझ्या अंगावर कोण येऊ शकतो, कशाने येऊ शकतो आणि आल्यावर मला किती वेळ अडकवू शकतो. बहुतेक सामन्यांत असे दोन, फार तर तीन हिरो निघतात. बाकीच्यांचा त्या क्षणी विचार करण्याचे कारण नाही. मेंढीकोट खेळताना कोणाचे हुकूम पडले आणि कोणाच्या हातात अजून शिल्लक आहेत, याचा जसा हिशेब आपण ठेवतो, तसाच या दोन-तीन हिरोंच्या स्किलचा हिशेब फाइटभर ठेवावा लागतो. ॲक्सने बर्सर्कर्स कॉल (जवळच्या शत्रूंना स्वतःवरच हल्ला करायला लावणारे स्किल) आपल्या सपोर्टवर (मदतनीस हिरोवर) वापरला, लायनने हेक्स (शत्रूला काही काळ निरुपद्रवी प्राणी बनवणारे स्किल) आपल्या मिडवर (मधल्या वाटेच्या हिरोवर) घातला, की तुमचा दरवाजा उघडला. त्याआधीच्या तीन-चार सेकंदांत तुम्ही एकही बाण मारला नाही, तरी काही बिघडत नाही. संघातील कोणी ‘कॅरी कुठे आहे’ असे टाइप करेल. त्याकडे त्या वेळी दुर्लक्ष करावे.

एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. मिडच्या दुसऱ्या टॉवरपाशी दोन्ही संघ समोरासमोर आहेत. ॲक्स पडद्यावर दिसत नाही, स्पिरिट ब्रेकर दिसतो आणि लायन टॉवरच्या मागे आहे. अशा वेळी क्रीपवर बाण मारण्यासाठीसुद्धा पुढे येऊ नये, कारण न दिसणारा ॲक्स म्हणजे तुमचीच वाट पाहणारा ॲक्स असे धरून चालावे. आपल्या ऑफलेनरच्या तिरक्या मागे, झाडांच्या आडोशाला थांबावे. ॲक्स दिसला, की सर्वांत आधी त्याला एक तरी बाण लागेल असे पाहावे; तुमच्या बाणाने तो मरणार नाही, पण शत्रू हिरोकडून मार बसला की ब्लिंक डॅगर तीन सेकंद चालत नाही. ड्रोचा मल्टिशॉट (बाणांचा फवारा) अनेकांना एकदम लागतो, म्हणून त्याचा हा उपयोग मला त्याच्या माऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. स्नायपर हा दुरून मारणारा हिरो खेळणारे श्रॅपनेल (जमिनीवर पडणारा छऱ्यांचा मारा) याच कारणासाठी टाकून ठेवतात, कारण शत्रू त्यात आहे तोवर त्याला थोडा थोडा मार बसत राहतो.

आता 400 च्या मर्यादेविषयी. शत्रू हिरो जवळ आल्यावर मार्क्समनशिप बंद पडते, याला बहुतेक जण ड्रोचा निव्वळ दोष मानतात. मी त्याला इशारा मानतो. ती बंद पडली, तर ज्याच्यावर तुम्ही बाण मारत आहात त्याला तत्क्षणी सोडून आधी अंतर वाढवावे. ड्रोचा गस्ट (वाऱ्याचा झोत) नेमका त्यासाठी राखून ठेवावा. तो पळणाऱ्याला गाठून मारण्यासाठी खर्च करण्याची सवय फार महागात पडते. गस्टने शत्रू मागे ढकलला जातो आणि सायलेन्सही होतो, म्हणजे त्याला काही काळ स्किल वापरता येत नाहीत. पाइक शत्रूवर वापरला तर तुम्ही दोघे विरुद्ध दिशांना फेकले जाता, मार्क्समनशिप परत सुरू होते आणि त्याच शत्रूवर पुढचे काही बाण पल्ल्याची अट न पाळता मारता येतात. पाइक स्वतःवर वापरताना मात्र तुमचे तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला तुम्ही ढकलले जाता, म्हणून आधी वळावे आणि मग कळ दाबावी. घाईत थेट शत्रूच्या घोळक्यात जाऊन पडणाऱ्या ड्रो आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

बाण सुटल्याबरोबर एक पाऊल मागे, पुढचा बाण, पुन्हा पाऊल मागे, ही लय सवयीची व्हावी म्हणून डेमो मोडमध्ये सराव करावा. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ते हाताला बसले की बसले.

मावळतीचा_वारा:

मी पाचव्या क्रमांकावर, म्हणजे सपोर्ट खेळतो, त्यामुळे हाच प्रश्न मला दुसऱ्या बाजूने दिसतो. वरील उत्तर पटले, पण त्यात ड्रोला एकटीच धरले आहे. नाजूक कॅरीची सुरक्षितता बऱ्याच अंशी ड्राफ्टमध्ये (हिरो निवडताना) आणि फाइटच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात ठरते. ज्या संघात पुढे उभा राहणारा एकही हिरो नाही, त्या संघात ड्रो घेणे मला पटत नाही, मग खेळणारा कितीही कसलेला असो. टाइडहंटर, सेंटॉर किंवा मार्स यांच्यापैकी कोणी पुढे असेल, तर शत्रूला आपली स्किल आधी त्यांच्यावर खर्च करावी लागतात किंवा त्यांना ओलांडून आत यावे लागते, आणि आत आलेला शत्रू आपल्या सर्वांच्या तावडीत असतो.

स्पिरिट ब्रेकरचा वेगळा उल्लेख करतो. त्याच्या चार्जला (धावत जाऊन लक्ष्याला भिडण्याला) अंतराचे बंधन नसते, म्हणून त्याच्याविरुद्ध दूर एकटे उभे राहणे हाच सर्वांत वाईट पर्याय ठरतो. तो धावत असताना त्याला स्टन (काही क्षण सुन्न) केले की चार्ज तुटतो. कॅरीने स्टन असलेल्या सपोर्टच्या जवळपास राहावे आणि सपोर्टने ते स्टन दुसऱ्या कोणावर उधळू नये, एवढा समझोता दोघांत असला तरी बरेच निभावते. फोर्स स्टाफ (सहकाऱ्याला ढकलून दूर नेणारा) आणि ग्लिमर केप (त्याला अदृश्य करणारी) या वस्तू मी ड्रोसोबत खेळताना इतर सर्व वस्तूंच्या आधी घेतो.

जागेबद्दल दोन गोष्टी राहिल्या आहेत असे वाटते. खालच्या जमिनीवरून वर मारलेले दुरून मारणाऱ्यांचे हल्ले 25 टक्के वेळा चुकतात. म्हणून शक्य असेल तेव्हा फाइट अशा ठिकाणी घडवावी, जिथे ड्रो वर आणि शत्रू खाली असेल. मार्क्समनशिपचा बाण चुकत नाही हे खरे, पण प्रत्येक बाण काही मार्क्समनशिपचा नसतो. दुसरी गोष्ट रात्रीची. बहुतेक हिरोंना दिवसा 1800 पर्यंत आणि रात्री केवळ 800 पर्यंत दिसते. 775 च्या पल्ल्यावरून मारणारी ड्रो रात्री जवळजवळ नजरेच्या काठावर उभी असते आणि शत्रूच्या वॉर्डांचा (नजर ठेवण्यासाठी जमिनीत रोवलेल्या वस्तूंचा) बंदोबस्त केलेला असेल, तर ब्लिंक घेऊन बसलेल्या ॲक्सला ती दिसणेच अवघड होते. आपली नजरही तितकीच आखूड होते, हे लक्षात घेऊन सपोर्टने आधी पुढे वॉर्ड लावलेला हवा. दिवस-रात्र पाच-पाच मिनिटांनी बदलतात, तेव्हा रोशनभोवतीची फाइट केव्हा ओढवून घ्यायची, हे थोडेफार आपल्या हातात असते.

जाता जाता: 2015 च्या सुरुवातीला, 6.83 या आवृत्तीत, स्नायपर आणि ट्रोल वॉरलॉर्ड यांनी सामने अक्षरशः व्यापले होते. तेव्हाचे स्नायपरचे रिप्ले अभ्यासासाठी पाहताना तो किती बळी घेतो हे न मोजता, फाइटच्या आरंभी तो कोणाच्या मागे उभा आहे एवढेच पाहावे. आकडे आता पार बदलले आहेत, पण उभे राहण्याची ती शिस्त तशीच उपयोगी आहे.

हिमबाण:

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ब्लिंक आणि आपला पल्ला यांचा हिशेब मी या दृष्टीने कधी मांडला नव्हता. वस्तूंचा प्रश्न मात्र उरलाच. ॲक्स, लायन आणि फँटम असॅसिन एकाच संघात असतील, तर पाइक आधी की ब्लॅक किंग बार? काही जण शॅडो ब्लेडही (स्वतःला अदृश्य करणारी वस्तू) सुचवतात.

कातळशिल्प:

या तिघांपुरते बोलायचे, तर प्रत्येकाला उत्तर वेगळे आहे आणि क्रम त्यातूनच निघतो. लायनचा हेक्स आणि त्याचे स्टन यांना ब्लॅक किंग बार पुरते. ॲक्सच्या बर्सर्कर्स कॉलला ते रोखत नाही. तो त्याच्या आरपार लागतो. फँटम असॅसिन उडी मारून अंगाला भिडते आणि तिचा मारा शारीरिक असतो, त्यामुळे तिच्यापुढे ब्लॅक किंग बारचा फारसा उपयोग नाही. तिला दूर फेकणारी वस्तू म्हणजे पाइक. शिवाय तिला हल्ले चुकवता येतात, म्हणून पुढे मंकी किंग बार (अशा चुकवण्यावर मात करणारी वस्तू) घेणे भागच पडते.

तेव्हा फँटम असॅसिन कमाईत पुढे गेलेली असेल तर पॉवर ट्रेड्स, ड्रॅगन लान्स, पाइक आणि मग ब्लॅक किंग बार हा क्रम मी ठेवीन. लायन आणि मिड मिळून तुम्हाला हलूच देत नसतील, तर ड्रॅगन लान्सवर थांबून थेट ब्लॅक किंग बार गाठावे. हेक्समध्ये असताना पाइकची कळ दाबताच येत नाही. ड्रॅगन लान्स पुढे पाइकमध्येच जातो, त्यामुळे मधल्या थांब्याने काही वाया जात नाही. प्रत्येक वापरानंतर ब्लॅक किंग बारचा काळ घटत जातो, म्हणून भटक्या सपोर्टला मारण्यासाठी ते दाबू नये, पण मरता मरता वाचवूनही ठेवू नये. हिशेबात धरलेला हिरो अंगावर येण्याच्या किंचित आधी ते सुरू झाले पाहिजे, कारण स्टन लागल्यावर ते दाबता येत नाही. शॅडो ब्लेड या संघाविरुद्ध मी घेणार नाही. अदृश्य हिरो उघडे पाडणारे डस्ट आणि सेंट्री वॉर्ड स्वस्त असतात आणि समोरचे सपोर्ट जागे असतील, तर पहिल्या दोन-तीन वापरांनंतर त्या वस्तूची किंमत वसूल होत नाही.

सह्यकडा:

कातळशिल्प यांच्या क्रमाशी सहमत. फक्त बायबॅकची (सोने देऊन मेल्यावर लगेच परत उठण्याची) भर घालतो. शत्रूच्या हाय ग्राउंडवर (उंचावरच्या तळावर) चढण्यापूर्वी ड्रोकडे बायबॅकचे सोने शिल्लक असलेच पाहिजे, मग त्यासाठी डेडेलस (मारा वाढवणारे शस्त्र) चार मिनिटे उशिरा आले तरी चालेल. एकदा वापरलेला बायबॅक आठ मिनिटे परत मिळत नाही, तेव्हा लेनमधल्या किरकोळ झटापटीसाठी तो खर्च करू नये. एजिस (रोशनला मारून मिळणारी, मेल्यावर एकदा परत उठवणारी वस्तू) तुमच्याकडे असेल, तर त्याच्या पाच मिनिटांत थोडे पुढे उभे राहण्याची मुभा तुम्हाला आहे, पण पाच सेकंदांनी तुम्ही त्याच जागी उठता आणि शत्रू तिथेच टपून बसलेला असतो. म्हणून एजिस असतानाही अशाच ठिकाणी उभे राहावे, जिथे उठल्यावर आपला सपोर्ट एका फोर्स स्टाफच्या अंतरावर असेल.