जुन्या पश्चिम आफ्रिकन डान्स बँड्सची गोडी नक्की कशात आहे?

सूरवेडा: घाना, गिनी, सेनेगलच्या १९५० ते ८० मधल्या डान्स बँड्सनी मला पार वेड लावलंय. लोक म्हणतात ते जुनं आणि खरखरीत आहे म्हणून भारी वाटतं, मला हे अजिबात पटत नाही. ही मंडळी रात्ररात्र क्लबात नाचणाऱ्यांसमोर वाजवायची आणि तोच सराव घेऊन माइकसमोर बसायची, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून वाजवतोय हे लगेच कळतं. सेनेगलमधल्या डाकारच्या ऑर्केस्ट्रा बाओबाब या बँडचं १९८२ चं रेकॉर्डिंग ऐका, त्यात 'उत्रू होरास' हे गाणं. गिटारवर बार्थेलेमी अत्तिसो, टोगोहून कायदा शिकायला आलेला माणूस. गाणं संथ, आणि त्याला कसलीच घाई नाही, चार सूर सोडतो, थांबतो, मग पुढचं.

कट्टेकरी: वाजवणं भारीच, वाद नाही. पण आपल्यापर्यंत येतं ते युरोपातल्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या, चाळणीतून, त्यांना जे फंकी वाटलं तेवढंच. आणि गिनीचं काय? सिलिफोन हे सरकारी लेबल, बँड सरकारी पगारावर, गाण्यांत राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे आणि त्याच्या पक्षाची स्तुती. त्याच राजवटीच्या काम्प बोइरो तुरुंगात माणसं मरत होती. फोदेबा केइता, ज्याने 'आफ्रिकन बॅले' हा नृत्यसंघ जगभर नेला, पुढे तुरेचाच मंत्री झाला, त्यालाही तिथेच १९६९ ला मारलं. त्या काळच्या गाण्यांवर मला तरी मोकळेपणाने डोलता येत नाही.

हायलाइफप्रेमी: सगळा पश्चिम आफ्रिका म्हणजे गिनी नाही हो. घानाच्या आक्रात ई. टी. मेन्सा बघा, फार्मासिस्ट माणूस, स्विंग आणि कॅलिप्सो पचवून ट्रम्पेटवर हायलाइफ, म्हणजे घानाचं नाचायचं संगीत, वाजवायचा, १९५६ ला अमेरिकन जाझवाला लुई आर्मस्ट्राँग आक्राला आला तेव्हा त्याच्यासोबतही वाजवलं. त्याचा बँड काही सरकारी पगारावर नव्हता.

सूरवेडा: @कट्टेकरी तुरुंगाचं खरंय, ते लपवू नयेच. पण आश्रयदात्याची स्तुती गाणं हा तिथल्या जेली, म्हणजे भाट-गायकांच्या, घराण्यांचा पिढीजात धंदा, तुरेच्या कितीतरी आधीपासूनचा. आणि सरकारने वाद्यं दिली, आपल्या जुन्या चाली वाजवा म्हणून सांगितलं, त्यातूनच बेम्बेया जाझ हा बँड घडला. त्यांचा सेकू दियाबाते इलेक्ट्रिक गिटारवर बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यासारखे टणटणीत सूर काढतो, ते दुसरीकडे कुठे मिळणार?

कट्टेकरी: जेलीला एक दार बंद झालं तर दुसऱ्या दारी जाता यायचं. तुरेच्या गिनीत दुसरं दारच नव्हतं, हा फरक फार मोठा आहे.

रेडिओवाली: चाळणीबद्दल एक. गिनीची राजधानी कोनाक्रीच्या सरकारी रेडिओच्या जुन्या टेप्स ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने डिजिटल झाल्यात, ९ हजारांवर गाणी, ऑनलाइन ऐकायला खुली केली गेली. त्यात पक्षाची गाणीही आहेत आणि ज्यांचं नावही आपण ऐकलं नाही असे जिल्ह्याजिल्ह्यातले बँडही. कुणी आपल्यासाठी निवडलेलं नको असेल तर सरळ तिथेच जा. मी तरी बाओबाबपेक्षा त्यांच्यात जास्त रमते.

कट्टेकरी: हे ऐकणार. पण पक्षाची गाणी वगळून नाही, सगळं ओळीने.