मदत हवी आहे: मोबाईलवरून घरच्या वायफायचं नाव बदलायचंय, लॉगिनच होत नाही

पेठेतला_भाऊ
घरच्या वायफायचं नाव बदलायचंय. मोबाईलवरनंच, कारण लॅपटॉप कंप्युटर काय नाही घरात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की पान उघडतंय पण बॉक्सच्या मागं छापलेला युजरनेम पासवर्ड काय घेत नाही, चुकीचा आहे म्हणतंय. अक्षर न अक्षर बघून टाकलंय. बॉक्स बसवल्यापासनं आमच्यातल्या कुणी त्याला हात लावलेला नाही, त्यामुळं पासवर्ड बदलायचा प्रश्नच येत नाही. केबलवाल्याला फोन केला की उद्या माणूस पाठवतो, आणि ते उद्या काय उगवत नाही. रविवारी घरी पाहुणे आहेत, त्याच्या आत झालं पाहिजे. येत असेल त्यांनी सरळ सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत.

कळंबेकर
कुठल्या कंपनीचा बॉक्स? मॉडेल नंबर? फोन अँड्रॉइड का आयफोन? एवढं तर सांगा की, नाहीतर अंधारात काय सांगायचं.

बावड्याची_मावशी
अहो सोप्पं आहे. सेटिंगमध्ये जायचं, हॉटस्पॉट आणि टेदरिंग, तिथं वायफाय हॉटस्पॉट, त्यात हॉटस्पॉटचं नाव म्हणून येतंय त्यावर दाबून पाहिजे ते लिहायचं. मी माझं असंच बदललं, नातवानं दाखवलं. पासवर्ड पण तिथंच खाली असतोय.

पेठेतला_भाऊ
मावशी ते मोबाईलच्या हॉटस्पॉटचं झालं, मला भिंतीवरच्या बॉक्सचं पाहिजे.
फोन अँड्रॉइड आहे. बॉक्स पांढरा, दोन अँटेना, केबलवाल्यानं दिलेला.

रंकाळा_वारा
भावा एवढा विचार कशाला करतोयस. बॉक्सच्या मागं बारीक भोक असतंय, रिसेट लिहिलेलं. टाचणी घालून दहा सेकंद दाबून धर, सगळे दिवे एकदम लागून विझतील. मग अ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिन टाक, आत जाशील. मी कायम असंच करतोय, पाच मिनिटांचं काम.

फायबरवाला_उद्यमनगर
टाचणी खाली ठेवा आधी!! रिसेट अजिबात करू नका. बॉक्समध्ये पातळ पिवळी वायर येत्या का, टोकाला हिरवं प्लॅस्टिक असलेली? तसं असेल तर तो नुसता राऊटर नाही, फायबरचा ओएनटी आहे, म्हणजे फायबरमधनं येणाऱ्या उजेडाचं नेट करणारं मशीन. त्याच्यात केबलवाल्यानं तुमचं पीपीपीओईचं, म्हणजे नेट चालू व्हायला लागणाऱ्या लॉगिनचं, युजरनेम पासवर्ड भरलेलं असतंय, व्हीलॅनचा, म्हणजे त्यांच्या नेटवर्कातल्या वाटेचा, नंबर असतोय. रिसेट मारलं की ते सगळं पुसून जाऊ शकतंय, मग वायफायचा दिवा लागंल पण नेट येणार नाही. आणि ते परत भरायला त्याच केबलवाल्याची वाट बघायची, जो उद्या उद्या करतोय. रविवारी पाहुण्यांना काय सांगणार?

रंकाळा_वारा
दादा मी कितीतरी वेळा केलंय, माझं कधी काय गेलं नाही. उगं लोकांना घाबरवू नका.

फायबरवाला_उद्यमनगर
तुमचा राऊटर वेगळा असणार, ओएनटीच्या पुढं निळ्या किंवा पिवळ्या लॅन वायरनं जोडलेला. तसं असलं तर बऱ्याचदा लॉगिन ओएनटीमध्येच असतंय, म्हणून राऊटर रिसेट केला तरी नेट चालतंय. यांचा एकच बॉक्स दिसतोय. मी रोज हेच काम करतोय, रिसेट मारून बसलेल्यांच्या घरी जाऊन माहिती भरून देतोय. घाबरवत नाही, होतंय ते सांगतोय.

पेठेतला_भाऊ
हो, पिवळी पातळ वायर आहे, हिरव्या टोकाची. एकच बॉक्स. रिसेट करत नाही मग. पण आत जायचं कसं?

कोल्हापूरकर_सध्या_पुण्यात
माझं ऐक, हे केबलवाल्यांचे बॉक्स म्हणजे कटकट असते. आपला स्वतःचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वायफायच्या दोन्ही लहरींवर चालणारा) राऊटर घे, त्या बॉक्सच्या लॅन पोर्टला जोड, बॉक्सचं वायफाय बंद करून टाक. राऊटर कंपनीचं मोबाईल अ‍ॅप येतं, त्यात नाव, पासवर्ड, कुणाचं नेट कधी बंद करायचं सगळं हॉलमध्ये बसून करता येतं. मी तेच केलं.

कळंबेकर
बॉक्सचं वायफाय बंद करायला पण आधी बॉक्समध्ये लॉगिन पाहिजेच की ओ! त्याचंच तर अडलंय. आणि नाव बदलायला राऊटर विकत घ्या हा काय सल्ला झाला.

भाऊ, एवढं करून बघा. मोबाईल डेटा पूर्ण बंद ठेवा, नाहीतर फोन मधेच वायफाय सोडून डेटावर जातोय. स्टिकरवर मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसत्यात, शून्य आणि ओ पण. वायफायचा पासवर्ड आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड ह्या दोन वेगळ्या गोष्टी, स्टिकरवर दोन्ही असत्यात, बघून घ्या कुठला टाकताय. आणि सारखा चुकीचा टाकला की काही बॉक्स थोडा वेळ लॉक होत्यात, जरा थांबून परत करा.

पेठेतला_भाऊ
डेटा बंदच होता. अ‍ॅडमिनचाच टाकतोय, आय आणि एल दोन्ही आलटून पालटून बघितलं. वेळ सोडून परत केलं. तेच.
एक बघितलं, बॉक्सवर एका कंपनीचं नाव आहे आणि लॉगिनच्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं येतंय, पण ते तसंच असणार, एकमेकाचं सॉफ्टवेअर वापरत असतील.

फायबरवाला_उद्यमनगर
ओ थांबा थांबा. हे आधी सांगायचं की. तसं सहसा नसतंय. तुमच्या वायफायचं आत्ताचं नाव कुणी ठेवलंय? बिल्डिंगमध्ये आणखी कुणाकडं त्याच केबलवाल्याचं कनेक्शन आहे?

पेठेतला_भाऊ
केबलवाल्याच्या पोरानंच ठेवलं बसवताना, त्यांच्या केबलचं नाव आणि पुढं फायबर. सगळ्या बिल्डिंगला तेच आहे, वर काकूंचं पण तेच, खाली दुकानाचं पण तेच. म्हणून तर बदलायचंय! पासवर्ड पण सगळ्यांचा त्याच्या ऑफिसचा फोन नंबर.

फायबरवाला_उद्यमनगर
झालं, सापडलं. आता एकच करा. तुमच्या बॉक्सचं बोर्डावरचं बटण बंद करा. दिवे गेलेले नीट बघा. मग फोनमध्ये बघा वायफाय आहे का गेलं.

पेठेतला_भाऊ
दिवे गेले. फोनवर वायफायच्या काड्या दोन आहेत, नेट चालू आहे, हा मेसेज पण डेटा बंद ठेवूनच टाकतोय 😳 हे कसं काय?

फायबरवाला_उद्यमनगर
तुम्ही वरच्या काकूंच्या नाहीतर खालच्या दुकानाच्या वायफायवर आहात. नाव सारखं, पासवर्ड सारखा, सिक्युरिटी सारखी, म्हणजे फोनला ते एकच नेटवर्क वाटतंय. यादीतपण ते एकदाच दिसतंय, दोन ओळी येत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याची रेंज पकडली त्याला फोन धरून बसतोय. आणि १९२.१६८.१.१ हा पत्ता तुमच्याच बॉक्सचा असतोय असं नाही, ज्या वायफायवर फोन आहे त्या बॉक्सचा असतोय. एवढा वेळ तुम्ही आपला पासवर्ड दुसऱ्याच्या बॉक्सला देत होता, घेणार कसा. पानावर कंपनी वेगळी दिसली ती त्यामुळंच.

कळंबेकर
नाद खुळा! हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे रिसेट मारला असता तर बॉक्स पण गेला असता आणि नाव पण तेच दिसत राहिलं असतं.

रंकाळा_वारा
हे मान्य. पण मग नाव लपवून टाका ना, हाइड एसएसआयडी म्हणून ऑप्शन असतोय, कुणाला दिसायलाच नको.

फायबरवाला_उद्यमनगर
लपवून उपयोग नाही. वायफाय बघायच्या साध्या अ‍ॅपमध्ये बिननावाचं नेटवर्क म्हणून ते दिसतंयच, आणि घरच्या प्रत्येक नव्या फोनला नाव हातानं टाईप करत बसावं लागतंय. पाहुणे येणार त्यांना तर जास्तच ताप. पासवर्ड चांगला ठेवा, तेवढं पुष्कळ झालं. कमीत कमी आठ अक्षरं लागत्यात, त्रेसष्ट पर्यंत चालत्यात. फोन नंबर ठेवू नका.

बावड्याची_मावशी
म्हणजे माझ्या फोनमधले बँकेचे पैसे पण शेजाऱ्याला दिसतील का? आमच्याकडं पण केबलवाल्याचंच नाव आहे.

कळंबेकर
नाही मावशी, बँकेच्या अ‍ॅपचा सगळा व्यवहार कुलूपबंद जातोय, शेजारच्या वायफायवरनं पण. पण ज्याच्याकडं बॉक्सचं लॉगिन आहे त्याला कुठला फोन जोडलाय ते दिसू शकतंय, आणि घरातला कॅमेरा, प्रिंटर एकाच नेटवर्कवर असेल तर दुसऱ्याचा हात पोहोचू शकतोय. म्हणून नाव पासवर्ड आपला आपला पाहिजे.

कोल्हापूरकर_सध्या_पुण्यात
यात एक चांगली गोष्ट पण आहे बरं का. घरातला राऊटर बदलला आणि नव्याला मुद्दाम जुनंच नाव जुनाच पासवर्ड दिला, की टीव्ही, फोन, बल्ब सगळं आपोआप जोडलं जातं, काही करावं लागत नाही. इथं तेच शेजाऱ्यांच्यात होऊन बसलंय.

पेठेतला_भाऊ
ते सगळं ठीक आहे पण आता मी काय करू ते सांगा की राव.

फायबरवाला_उद्यमनगर
तुमचा बॉक्स चालू करा, बॉक्सला चिकटून उभं राहा, फोनचं वायफाय बंद करून परत चालू करा. बहुतेक जवळचाच धरेल. लॉगिनच्या पानावर बॉक्सवरचंच नाव आलं तरच पुढं जा. नाही आलं तर वर आणि खाली सांगून त्यांचे बॉक्स दहा मिनिटं बंद करून घ्या, तो पक्का मार्ग. आत गेल्यावर वायफाय, वायरलेस नाहीतर डब्ल्यूलॅन असं काहीतरी असंल, त्यात एसएसआयडी लिहिलंय तिथं नाव. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन वेगळी पानं असत्यात, दोन्हीकडं बदला. सेव्ह दाबलं की फोनचं वायफाय तुटणार, ते तुटायलाच पाहिजे, घाबरून बॉक्स बंद करू नका.

रंकाळा_वारा
नाव मराठीत ठेवा भाऊ. पेठेचं नाव लागलं पाहिजे यादीत!

कळंबेकर
मराठीत बसतंय पण हिशोब बघा. नावाला ३२ बाइट मिळत्यात, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह सगळ्याला तीन तीन बाइट जात्यात. कोल्हापूर लिहिलं तर २७. मंगळवार पेठ मधल्या जागेसकट ३१, म्हणजे काठावर बसतंय. त्याच्या पुढं काही लिहायला जागा नाही. आणि काही बॉक्सची पानं देवनागरी घेतच नाहीत, काही टीव्हीवर नुसते चौकोन दिसत्यात.

शाहूपुरी_९
विषय निघालाच आहे तर विचारतो, पावसाळ्यात लाईट गेली की आमचं नेट पण जातंय, राऊटरला छोटा यूपीएस मिळतो म्हणे, कुणी घेतलाय का?

कोल्हापूरकर_सध्या_पुण्यात
मिळतो, मी वापरतो. अडॅप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, बरेच बॉक्स १२ व्होल्टचे असतात. पण वाटेत केबलवाल्याचं मशीन कुठं लाईटवर असेल आणि तिथं बॅकअप नसेल तर घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. आधी त्याला विचारा.

पेठेतला_भाऊ
झालं!! बॉक्सजवळ उभं राहून पण फोन दुसऱ्याचाच धरत होता, मग वर जाऊन काकूंना सांगितलं, त्यांनी लगेच बॉक्स बंद केला, तोवर दुकान बंद झालेलंच होतं. पान उघडलं तर बॉक्सवरचंच नाव, स्टिकरचा पासवर्ड पहिल्या झटक्यात घेतला. दोन्हीकडं नाव बदललं, पासवर्ड पण बदलला. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलंय, आईच्या टीव्हीवर चौकोन नकोत. हॉलमध्ये नेट एवढं हळू का चालायचं ते पण आत्ता कळलं, फोन वरचं धरून बसायचा. फायबरवाले दादा, लई उपकार झाले.

फायबरवाला_उद्यमनगर
अजून काम संपलेलं नाही. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत जुनं नाव सेव्ह आहे. त्यावर जाऊन विसरा, फर्गेट जे काय असेल ते दाबा. नाहीतर ते गपचूप काकूंच्याच बॉक्सवर चालू राहणार, तुम्हाला वाटणार सगळं व्यवस्थित आहे, आणि महिन्याचा डेटा त्यांचा संपणार. टीव्ही तर नक्की बघा.

पेठेतला_भाऊ
बरोबर! टीव्ही जुन्याच नावावर होता, मालिका चालू होती म्हणून कुणी बघितलंच नाही. तो बदलला, सगळे फोन पण केले. दारातला कॅमेरा मात्र नवीन नाव घेत नाही.

फायबरवाला_उद्यमनगर
बरेच कॅमेरे फक्त २.४ वर चालत्यात. ५ च्या नावाला पुढं ५जी असं काहीतरी लावून वेगळं करा, फोन २.४ वर घ्या आणि मग कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधनं परत जोडा.

पेठेतला_भाऊ
तसं केल्यावर जोडला. आता काकू म्हणतायत आमचं पण बदलून दे, पण त्यांच्या बॉक्सचा स्टिकर पुसून गेलाय, काहीच वाचता येत नाही.

फायबरवाला_उद्यमनगर
मग तिथं केबलवालाच लागणार. तो आला की त्याच्याकडनं अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि काकूंचा पीपीपीओई आयडी कागदावर लिहून घ्या, त्यांचं कनेक्शन आहे, मागायला हरकत नाही. तोवर त्यांच्या बॉक्सचं रिसेट कुणाला दाबू देऊ नका, आणि खाली दुकानदाराला पण हे सांगून ठेवा.